प्रकाशरेषेची साक्ष : दीर्घ उद्भासनाच्या छायाचित्रांचा इतिहास आणि त्यांतील मानवी हात

१

जळते कोलीत अंधारात वेगाने फिरविले असता अग्नीचे अखंड वर्तुळ दिसते. दिवाळीत फुलबाजी फिरविणाऱ्या प्रत्येक मुलास हा अनुभव असतो. आपल्या दार्शनिकांनीही त्याचा विचार फार पूर्वी केला आहे. गौडपादाचार्यांच्या मांडूक्यकारिकांचे चौथे प्रकरण ‘अलातशान्ति’ या नावाने प्रसिद्ध आहे. अलात म्हणजे कोलीत. ते हालते तेव्हा सरळ, वाकडी अशा आकृती भासतात आणि ते स्थिर झाले की त्या कोठेही न जाता नाहीशा होतात, या दृष्टांतावर त्या प्रकरणातील विवेचन उभारलेले आहे. तत्त्वचिंतकास येथे पडलेला प्रश्न आकृतीच्या सत्यासत्यतेचा होता. फ्रान्समध्ये पात्रिक दार्सी या विद्वानाने १७६५ साली हाच प्रयोग मोजमापाच्या हेतूने केला. जळता निखारा किती वेगाने फिरविला म्हणजे वर्तुळ पूर्ण दिसते हे पाहून, डोळ्यावरील प्रकाशाचा संस्कार सुमारे ०.१३ सेकंद टिकतो, असा निष्कर्ष त्याने काढला.

डोळ्याची ही स्मृती सेकंदाच्या आठव्या भागात संपते. छायाचित्राच्या काचेची गोष्ट निराळी आहे. कॅमेऱ्याची झडप जोपर्यंत उघडी असेल तोपर्यंत तिच्यावर पडणारा प्रकाश साठत जातो. काच प्रकाशास उघडी ठेवण्याच्या या क्रियेस शास्त्रीय परिभाषेत उद्भासन म्हणतात. अंधाऱ्या खोलीत झडप उघडी ठेवून एखाद्याने हातातील दिवा हवेत फिरविला, तर दिव्याने क्रमाने व्यापलेली सर्व स्थाने एकाच चित्रात एकत्र येतात आणि एक तेजस्वी रेषा उमटते. या रीतीने चित्र रेखाटण्यास आज ‘प्रकाशचित्रण’ म्हणतात. ते सामान्यतः छायाचित्रकाराच्या हौसेचा किंवा चमत्कृतीचा विषय मानले जाते. त्याचा इतिहास मात्र रुग्णालय, सैन्य आणि कारखाना यांच्या इतिहासाशी जडलेला आहे, आणि कलावंताच्या चित्रशाळेत तो बऱ्याच उशिरा पोहोचतो.

प्रस्तुत लेखात या इतिहासातील काही टप्प्यांचा परामर्श घेऊन एक प्रश्न विचारावयाचा आहे. प्रकाशरेषा ही नेमकी कशाची साक्ष देते? ती मार्ग दाखविते, याविषयी शंका नाही. परंतु मार्ग दाखविताना ती दोन गोष्टी गाळते. एक म्हणजे काल : रेषेचा कोणता भाग आधी उमटला, हात कोठे मंदावला, कोठे वेगाने गेला, हे नुसत्या रेषेवरून कळत नाही. दुसरी म्हणजे कर्ता : दिवा धरणारा मनुष्य अंधारात विरून जातो. पहिली उणीव भरून काढण्यासाठी शास्त्रज्ञांनी व अभियंत्यांनी अर्धशतक खर्च केले. दुसऱ्या उणिवेकडे लक्ष जाण्यास अधिक काळ लागला, आणि ते लक्ष गेले तेव्हा मनुष्याच्या श्रमाविषयीचा एक प्रबळ सिद्धान्तच डळमळीत झाला.

२

प्रारंभीच्या छायाचित्रणात दीर्घ उद्भासन हा निवडीचा विषय नव्हता. संवेदनशील पृष्ठभाग मंद असल्यामुळे दुसरा मार्गच नव्हता. लुई दागेर याने १८३८ साली पॅरिसमधील ‘बुलवार द्यू ताँप्ल’ या रस्त्याचे चित्र वरच्या मजल्यावरील खिडकीतून घेतले. उद्भासनास काही मिनिटे लागली. त्या वर्दळीच्या रस्त्यावरील गाड्या, घोडे व पादचारी चित्रात नाहीत, कारण त्यांपैकी कोणीही एका जागी पुरेसा वेळ थांबले नाही. एका कोपऱ्यात मात्र बूट पुसून घेणारा एक मनुष्य दिसतो. तो पाय उचलून स्थिर उभा राहिला म्हणून चित्रात आला. छायाचित्रात दिसणारा पहिला मनुष्य असे त्याचे वर्णन नेहमी केले जाते. त्याच्या पायाशी बसून काम करणारी आकृती त्याच्याइतकी स्पष्ट नाही. काम करणारा हालत होता. दोघांचीही नावे आपणास ज्ञात नाहीत. दीर्घ उद्भासन स्थिराला पाहते आणि चलाला पुसून टाकते, हा नियम या एका चित्रात प्रत्ययास येतो.

हा नियम उलटविता येतो, हे प्रकाशरेषेच्या तंत्राचे मूळ होय. हालणारी वस्तू पुसली जाते याचे कारण असे की, ती ज्या ज्या जागेवरून जाते त्या जागेच्या पार्श्वभूमीचा प्रकाश तिच्या क्षणिक प्रकाशाहून कितीतरी अधिक प्रमाणात काचेवर साठतो. पार्श्वभूमी पूर्ण काळी केली, तर तेथे साठण्यासारखे काहीच उरत नाही. अशा स्थितीत हालणाऱ्या तेजस्वी बिंदूने एखाद्या ठिकाणी सेकंदाचा अल्पांश घालविला तरी तो तेवढाच तेथे नोंदला जातो. बिंदू मंद चालला तर रेषा अधिक ठळक होते, वेगाने गेला तर क्षीण होते. म्हणजे प्रकाशरेषा उमटविण्यासाठी प्रथम अंधार निर्माण करावा लागतो. एत्येन-ज्यूल मारे (१८३०–१९०४) या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाने नेमके हेच केले.

मारे याच्या नेतृत्वाखाली १८८२ साली पॅरिसच्या सीमेवर ‘शरीरक्रिया केंद्र’ स्थापन झाले. तेथे आतून काळी केलेली एक खोल पडवी होती आणि तिच्यासमोरून मनुष्य वा प्राणी चालविले जात. कॅमेऱ्यात फटी असलेली चकती फिरत असे. त्यामुळे प्रकाश ठराविक अंतराने आत येई आणि एकाच काचेवर शरीराच्या अनेक स्थिती उमटत. या पद्धतीस मारेने कालछायाचित्रण असे नाव दिले. तथापि शरीराच्या आकृती एकमेकींवर पडून चित्र गढूळ होई. त्यावर त्याने योजलेला उपाय लक्षणीय आहे. त्याने चालणाऱ्या मनुष्यास नखशिखान्त काळा पोषाख चढविला आणि हातापायांच्या कडेने केवळ पांढऱ्या पट्ट्या व सांध्यांवर चकाकणारे बिंदू लावले. आता मनुष्य दिसेनासा झाला आणि त्याची चाल तेवढी भूमितीतील आकृतीप्रमाणे काचेवर उतरली. शरीर लपविल्याशिवाय गती दिसत नाही, हा या प्रयोगाचा धडा होता.

१८८९ साली मारेचा सहकारी जॉर्ज दमेनी याने याच्या पुढचे पाऊल टाकले. चालणाऱ्याच्या सांध्यांवर विजेचे लहान दिवे बांधून त्याने समोरून त्याच्या विकृत चालीचे चित्र घेतले. प्रकाशचित्रणाचे पहिले ज्ञात उदाहरण म्हणून इतिहासकार सामान्यतः याच चित्राचा निर्देश करतात. त्यात लाटांसारख्या तेजस्वी रेषा एकमेकींत गुंतलेल्या दिसतात. आजच्या प्रेक्षकास ते चित्र सुंदर वाटते. ज्या हेतूने ते घेतले तो हेतू मात्र निरोगी आणि रोगग्रस्त चाल यांतील भेद वैद्यास पाहता यावा, हा होता.

३

लाइप्सिक येथील शरीररचनाशास्त्रज्ञ विल्हेल्म ब्राउने आणि गणितज्ञ ओटो फिशर यांनी १८९१ साली केलेला प्रयोग मोजमापाच्या दृष्टीने अधिक कसोशीचा होता. त्यांनी काळा घट्ट पोषाख घातलेल्या एका मनुष्याच्या अवयवांवर गाइस्लर नलिका बांधल्या. या विरल वायूने भरलेल्या काचेच्या नळ्या असून विजेच्या दाबाने त्या उजळतात. प्रवर्तन-वेटोळ्याच्या साह्याने त्या दर सेकंदास सुमारे २६ वेळा उजळत व विझत. चार कॅमेऱ्यांनी वेगवेगळ्या दिशांनी एकाच वेळी चित्रे घेतली जात. त्यामुळे प्रत्येक सांध्याचे अवकाशातील स्थान तिन्ही परिमाणांत काढणे शक्य झाले. विजेचा धक्का बसू नये म्हणून नळ्या रबराच्या आधाराने बांधाव्या लागत आणि मनुष्यास सज्ज करण्यास दहा-बारा तास लागत. प्रत्यक्ष चालणे काही सेकंदांतच आटोपे.

या प्रयोगात मनुष्य एकदा मोकळा आणि एकदा सैनिकाचे ठरीव ओझे घेऊन चालविला गेला. प्रयोगाचा प्रेरक प्रश्न येथे स्पष्ट होतो. सैनिक किती ओझे घेऊन कसा चालतो, हे जाणण्याची गरज त्या काळच्या युरोपीय राष्ट्रांस होती. ब्राउने १८९२ साली मृत्यू पावला. फिशरने पुढे एकट्याने गणिते पूर्ण केली आणि ‘मनुष्याची चाल’ या विषयावरील त्यांचे बहुखंडी संशोधन १८९५ पासून प्रसिद्ध होऊ लागले. काही पावलांच्या चित्रावरून वर्षानुवर्षे आकडेमोड चालली होती.

येथे तंत्रदृष्ट्या महत्त्वाची गोष्ट घडली. दमेनीच्या अखंड रेषेची जागा ठिपक्यांच्या मालिकेने घेतली. दोन ठिपक्यांमधील काळ समान असल्याने त्यांच्यातील अंतर हे वेगाचे माप ठरले. रेषेत हरवलेला काल, रेषा तोडून परत मिळविण्यात आला. पुढील सर्व औद्योगिक उपयोगांचा पाया ही युक्तीच होती.

४

हे तंत्र प्रयोगशाळेतून कारखान्यात नेण्याचे कार्य अमेरिकेतील फ्रँक बंकर गिलब्रेथ (१८६८–१९२४) आणि त्यांच्या पत्नी लिलियन मोलर गिलब्रेथ (१८७८–१९७२) यांनी केले. फ्रँक गिलब्रेथ यांनी वयाच्या सतराव्या वर्षी, १८८५ साली, गवंडीकामाची उमेदवारी पत्करली होती. एकच वीट रचताना निरनिराळे गवंडी निरनिराळ्या हालचाली करतात आणि एकच गवंडी शिकविताना एक व स्वतः काम करताना दुसरी रीत वापरतो, हे त्यांनी पाहिले. गवंडीकामावरील त्यांचे पुस्तक १९०९ साली प्रसिद्ध झाले. एक वीट बसविण्यास लागणाऱ्या १८ हालचाली त्यांनी सुमारे ५ वर आणल्या, हे उदाहरण व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत आजही दिले जाते. लिलियन गिलब्रेथ यांना १९१५ साली ब्राउन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. त्या मानसशास्त्राच्या अभ्यासक होत्या. कामगाराचा शीण हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, या विचारामागे त्यांचा वाटा मोठा होता.

त्या काळाची पार्श्वभूमी ध्यानात घेतली पाहिजे. फ्रेडरिक टेलर यांच्या अनुयायांनी घड्याळ हातात घेऊन कामगाराचा वेळ मोजण्याची पद्धत रूढ केली होती. तिला कामगारांचा तीव्र विरोध होता. ऑगस्ट १९११ मध्ये बॉस्टनजवळील वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रागारात ओतकामाच्या कामगारांनी या मोजणीविरुद्ध संप केला. पुढे अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने या पद्धतीची चौकशी केली आणि १९१५ साली सरकारी शस्त्रागारांत घड्याळाने मोजणी करण्यास खर्च नाकारण्यात आला. मोजणी करणारा कामगाराच्या मागे उभा राहतो, आणि त्याच्या अंदाजावर मजुरीचा दर ठरतो, हे या तंट्याचे मूळ होते.

गिलब्रेथ दांपत्याचा दावा असा की, छायाचित्र हे घड्याळाहून अधिक निःपक्षपाती असते. १९१२ च्या सुमारास, प्रॉव्हिडन्स येथील न्यू इंग्लंड बट कंपनीत काम चालू असताना व त्यानंतर, त्यांनी हे तंत्र विकसित केले. कामगाराच्या बोटात अंगठीसारखा विजेचा बारीक दिवा बसवीत आणि कामाचे एक आवर्तन पूर्ण होईपर्यंत झडप उघडी ठेवीत. या चित्रास त्यांनी चक्रालेख या अर्थाचे नाव दिले. पुढे त्यांनी दिव्याचा विद्युत्प्रवाह ठराविक अंतराने खंडित करण्याची सोय केली. तेव्हा मिळणाऱ्या कालचक्रालेखात रेषेऐवजी नासपतीच्या आकाराचे ठिपके उमटतात. ठिपक्यांचे निमुळते टोक हालचालीची दिशा दाखविते आणि त्यांमधील अंतर वेग दाखविते. दोन भिंगांच्या कॅमेऱ्यामुळे चित्रास खोली येई. पार्श्वभूमीवर चौकटींची जाळी असे किंवा ती त्याच काचेवर वेगळ्या उद्भासनाने उमटविली जाई, त्यामुळे अंतरे मोजता येत. शेवटी या चित्रांवरून तार वाकवून हालचालीची प्रतिकृती करीत. कामगाराने ती तार बोटाने चाचपून योग्य हालचाल शिकावी, अशी अपेक्षा होती.

ही तारेची प्रतिकृती या सर्व उपक्रमाचे सार होय. कुशल कामगाराच्या हातातील कौशल्य आजवर त्याच्यापासून वेगळे करता येत नसे. आता ते तारेच्या रूपाने पेटीत ठेवता येईल आणि दुसऱ्यास देता येईल, असे गिलब्रेथ यांना वाटले. प्रत्येक कामाची एकच सर्वोत्तम पद्धत असते आणि प्रकाशरेषा ती उघड करते, हा त्यांचा सिद्धान्त होता. त्यांच्या १९१७ सालच्या ‘उपयोजित गति-अभ्यास’ या अर्थाच्या पुस्तकात ही भूमिका मांडलेली आहे. केवळ नफ्याची दृष्टी त्यामागे होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पहिल्या महायुद्धात अवयव गमावलेल्या सैनिकांना पुन्हा काम करता यावे म्हणून या दांपत्याने हेच तंत्र वापरले आणि त्या विषयावर १९२० साली पुस्तक लिहिले. दमेनीच्या चित्राचा वैद्यकीय हेतू येथे निराळ्या रूपाने परत आला.

तथापि चित्रांकडे पाहिले असता एक गोष्ट नजरेतून सुटत नाही. मेजापाशी बसलेल्या कामगाराची आकृती धूसर असते, हात तर जवळजवळ नाहीसेच झालेले असतात, आणि त्यांच्या जागी स्वच्छ पांढरी रेषा असते. चित्राखाली सामान्यतः कामाचे नाव असते, कामगाराचे नसते. कोणाही व्यक्तीची नसलेली, म्हणूनच कोणासही लावता येणारी, अशी ही रेषा होती. सर्वोत्तम पद्धतीच्या सिद्धान्तास नेमकी अशीच रेषा हवी होती.

५

या सिद्धान्ताची खरी परीक्षा अमेरिकेत झाली नाही, मॉस्कोत झाली. क्रांतीनंतर १९२० साली अलेक्सेय गास्त्येव याने तेथे ‘केंद्रीय श्रम संस्था’ स्थापन केली. गास्त्येव हा कवी होता, धातुकाम केलेला होता आणि कामगार चळवळीतून आलेला होता. टेलर व गिलब्रेथ यांच्या पद्धती समाजवादी राष्ट्राने स्वीकारल्या पाहिजेत, असे त्याचे मत होते. शेतावरून कारखान्यात येणाऱ्या लाखो लोकांस हातोडा व छिन्नी यांचा वापर शिकवावयाचा, तर प्रथम आदर्श घाव कसा असतो ते ठरविले पाहिजे, या विचाराने संस्थेत हातोड्याच्या घावाची प्रकाशरेखित चित्रे घेण्यात आली.

हे काम १९२२ पासून ज्याच्याकडे आले तो निकोलाय बर्नस्टाईन (१८९६–१९६६) हा तरुण वैद्य गणितातही निष्णात होता. पूर्वीच्या पद्धतीतील एक दोष त्याने हेरला. स्थिर काचेवर पुनरावृत्त हालचालीचे चित्र घेतले तर दुसऱ्या घावाची रेषा पहिलीवर पडते, तिसऱ्याची दुसरीवर. त्यामुळे एक जाड, गुंतागुंतीचा पट्टा दिसतो आणि सर्व घाव जणू एकच आहेत असा भास होतो. बर्नस्टाईनने काचेऐवजी सावकाश सरकणारी फिल्म वापरली. त्यामुळे प्रत्येक घावाची रेषा शेजारी शेजारी, वेगळी उमटू लागली. आरशाच्या योजनेने तिसरे परिमाणही त्याच चित्रात मिळू लागले.

रेषा वेगळ्या झाल्या तेव्हा अनपेक्षित चित्र समोर आले. कसलेला कामगार एकामागून एक घाव घालतो तेव्हा हातोड्याचे टोक दर वेळी जवळजवळ त्याच मार्गाने जाते. खांदा, कोपर आणि मनगट मात्र दर वेळी थोड्या निराळ्या मार्गाने जातात. एका सांध्यात झालेला फरक दुसरा सांधा भरून काढतो. म्हणजे कौशल्य हे एका ठरीव हालचालीच्या पुनरुक्तीत नसते. उद्दिष्ट साधण्यासाठी हालचालीत क्षणोक्षणी बदल करण्याच्या सामर्थ्यात ते असते. सराव करणारा मनुष्य पुन्हा पुन्हा तेच उत्तर गिरवीत नसतो, तो पुन्हा पुन्हा तोच प्रश्न सोडवीत असतो, असा या विचाराचा आशय पुढे बर्नस्टाईनने मांडला.

याचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. गिलब्रेथची तार बोटाने गिरवून कौशल्य येणार नाही, कारण ज्या हाताची ती तार आहे तो हातही पुढच्या वेळी त्या तारेवरून जात नाही. एकच सर्वोत्तम पद्धत शोधण्यासाठी निर्माण केलेल्या साधनानेच अशी पद्धत अवयवांच्या हालचालीत नसते हे दाखविले. हा निष्कर्ष निघण्यास काच स्थिर आहे की फिल्म सरकती आहे, हा वरकरणी किरकोळ तांत्रिक भेद बऱ्याच अंशी कारण झाला. साधनाची रचना बदलली, आणि आधी ज्याला ‘कामगार’ या सामान्य नावाने संबोधले जात होते तो एक विशिष्ट, दर क्षणी निर्णय करणारा मनुष्य म्हणून दृश्य झाला.

पुढील घटना दुःखद आहेत. गास्त्येवला १९३८ साली अटक झाली आणि १९३९ साली त्यास मृत्युदंड देण्यात आला. बर्नस्टाईनचे हालचालींच्या रचनेवरील पुस्तक १९४७ साली प्रसिद्ध झाले व १९४८ साली त्यास स्टालिन पारितोषिक मिळाले. परंतु लवकरच अधिकृत शरीरक्रियाशास्त्राशी त्याचे विचार जुळत नाहीत या कारणाने त्याच्यावर टीकेची झोड उठली आणि प्रयोगशाळेतील त्याचे काम बंद पडले. त्याच्या निबंधांचा इंग्रजी संग्रह १९६७ साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. तेव्हा कोठे पाश्चात्त्य विद्वानांस त्याचे महत्त्व कळले.

६

कलेच्या क्षेत्रात या तंत्राचा प्रवेश १९३५ साली ठळकपणे दिसतो. मॅन रे या अमेरिकन कलावंताने ‘अवकाशलेखन’ या अर्थाच्या नावाने स्वतःचीच काही चित्रे घेतली. झडप उघडी ठेवून त्याने हातातील लहान दिव्याने समोरच्या हवेत गिरगटा काढला. तो केवळ खेळ आहे, असे पुष्कळ वर्षे समजले जाई. २००९ साली एलन केरी या छायाचित्रकार अध्यापिकेने त्यातील एक चित्र आरशात धरून पाहिले, तेव्हा त्या गिरगट्यात मॅन रेची स्वाक्षरी असल्याचे आढळले. कारखान्यातील प्रकाशरेषा अनामिक होती. कलावंताने हाती दिवा घेताच प्रथम स्वतःचे नाव लिहिले. हा विरोध योगायोगाचा असेल, पण तो बोधप्रद आहे.

या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध चित्रे १९४९ साली दक्षिण फ्रान्समधील वालोरिस येथे घेतली गेली. छायाचित्रकार होता ग्योन मिली (१९०४–१९८४). आल्बेनियात जन्मलेला मिली १९२३ साली अमेरिकेस गेला, मॅसॅच्युसेट्स तंत्रशिक्षण संस्थेत विद्युत् अभियांत्रिकी शिकला आणि वेस्टिंगहाउस कंपनीत दिव्यांच्या संशोधनाचे काम करीत होता. हॅरल्ड एजर्टन याने विकसित केलेल्या क्षणदीप्तीच्या विजेरी दिव्यांचा परिचय झाल्यावर तो छायाचित्रणाकडे वळला. वालोरिस येथे त्याने पाब्लो पिकासोला बर्फावर घसरणाऱ्या नर्तकांच्या बुटांना दिवे लावून घेतलेली आपली चित्रे दाखविली. पिकासोने प्रथम पंधरा मिनिटे देऊ केली. परिणाम पाहून त्याने एकंदर पाच बैठका दिल्या आणि सुमारे ३० रेखने केली. त्यांत बैल, नराश्व, ग्रीक मुखाकृती आणि स्वतःची स्वाक्षरी हे विषय होते. ३० जानेवारी १९५० च्या ‘लाइफ’ साप्ताहिकात त्यांतील काही प्रसिद्ध झाली, आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे प्रदर्शनही झाले.

तंत्र साधे होते. खोली अंधारी केली होती, दोन कॅमेऱ्यांच्या झडपा उघड्या होत्या, आणि पिकासोच्या हाती विजेचा लहान दिवा होता. क्षणदीप्तीच्या लखलखाटाने त्याची मूर्ती चित्रात उमटविली जाई. या चित्रांत म्हणूनच दोन निराळे काल एकत्र नांदतात. रेषा काही सेकंदांची आहे, मनुष्य मात्र सेकंदाच्या अत्यल्प अंशाचा आहे. पाहणारास वाटते की, या मुद्रेत उभा राहून पिकासोने हा नराश्व काढला. वस्तुतः ती मुद्रा रेखाटनाच्या असंख्य क्षणांपैकी एका क्षणाची आहे. अशा चित्राचा ऐतिहासिक साधन म्हणून उपयोग करताना हा भेद विसरून चालणार नाही.

आणखी एक गोष्ट येथे विचारात घेण्याजोगी आहे. कागदावर रेखाटणाऱ्यास आधी काढलेली रेषा पुढच्या रेषेस मार्गदर्शन करते. अंधारात दिव्याने रेखाटणाऱ्यास ती सोय नसते. रेषा त्याच्या डोळ्यांसमोर सेकंदाच्या आठव्या भागात विझून जाते आणि काचेवर काय उमटले हे ती धुतल्यावरच कळते. बैलाची पाठ जेथून सुरू केली त्या ठिकाणी पुन्हा येऊन पोहोचण्यास हाताच्या स्मृतीखेरीज आधार नसतो. कौशल्याविषयी बर्नस्टाईनने हातोड्याच्या घावावरून जे सांगितले, त्याचेच हे दुसऱ्या क्षेत्रातील उदाहरण म्हणता येईल. फरक एवढाच की, वालोरिसच्या हाताचे नाव जगास ठाऊक आहे, आणि मॉस्कोच्या हाताचे नाही.

७

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, प्रकाशरेषा हा गतीचा आरसा नसून गतीच्या एका अंगाची निवड आहे. दिवा बोटावर बांधावा की कोपरावर, काच स्थिर ठेवावी की सरकती, प्रवाह अखंड ठेवावा की खंडित, यांपैकी प्रत्येक निर्णयाबरोबर काही दृश्य होते आणि काही अदृश्य होते. दिवा बोटावर असेल तर खांद्याचा शीण चित्रात येत नाही. दुसरा निष्कर्ष असा की, हे तंत्र ज्या संस्थेत वापरले गेले त्या संस्थेचा प्रश्न त्याच्या रचनेत उतरला. वैद्यास विकृती हवी होती, सेनेस ओझ्याचे गणित, कारखानदारास वेळ आणि कलावंतास स्वाक्षरी. तिसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा वाटतो. साधन एका प्रश्नासाठी निर्माण झाले तरी त्याचे उत्तर त्या प्रश्नकर्त्याच्या अधीन राहत नाही. मॉस्कोतील प्रयोग हे त्याचे प्रमाण होय.

या इतिहासाचा आपल्याशीही संबंध आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९५७ साली कार्याभ्यासावर प्रसिद्ध केलेल्या प्रास्ताविक पुस्तकात गिलब्रेथ यांच्या चक्रालेखाचे व कालचक्रालेखाचे वर्णन आहे, आणि १९५८ साली आपल्या देशात राष्ट्रीय उत्पादकता परिषद स्थापन झाली. त्या सुमारास कार्याभ्यास हा विषय भारतीय कारखान्यांत व तंत्रशिक्षणात रुजू लागला. त्या विषयाचे विद्यार्थी ही व्याख्या पाठ करतात. परंतु तिच्या मागील वाद त्यांच्यापर्यंत क्वचितच पोहोचतो. आज संवेदनशील काचेची जागा अंकीय संवेदकाने घेतली आहे. सांध्यांवर परावर्तक बिंदू लावून अनेक कॅमेऱ्यांनी चालीचे मापन करण्याची रीत रुग्णालयांत, क्रीडा प्रयोगशाळांत आणि चित्रपटनिर्मितीत रूढ झाली आहे. ती ब्राउने व फिशर यांच्या प्रयोगाचीच वंशज आहे. हौशी छायाचित्रकार रात्रीच्या अंधारात दिवे फिरवून जी सुंदर चित्रे काढतात, त्यांचेही कूळ तेच आहे.

इतिहासाच्या अभ्यासकापुढे अशी चित्रे साधन म्हणून आली, तर त्याने रेषेच्या सौंदर्यावर थांबू नये. दिवा कोणाच्या हातात होता, तो कोणी बांधला, झडप कोणी व किती वेळ उघडी ठेवली, आणि चित्राखाली कोणाचे नाव लिहिले वा लिहिले नाही, हे प्रश्न त्याने कागदपत्रांस विचारले पाहिजेत. कारखान्यांची दप्तरे, प्रशिक्षण संस्थांच्या टिपणवह्या आणि कार्याभ्यासाचे जुने अहवाल या दृष्टीने तपासले गेल्यास, श्रमाच्या इतिहासातील पुष्कळ अनामिक हातांचा माग लागण्याचा संभव आहे.